लेकीचा फूट

हवामान खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाला लग्नात, दवाखान्यात, भाजी घेताना, कुठेही गाठून एकच प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर चुकलं तर ते जन्मभर ऐकवलंही जातं. मोठ्या बेटावरच्या हवामानबाईला याची सवय झाली होती. दर रविवारी सकाळी रेडिओवर ती येत्या आठवड्याचं हवामान आणि लाटांचा अंदाज वाचायची, आणि सोमवारपासून लोक तिच्या नावाने खडे फोडायला मोकळे. कपडे वाळत घालणाऱ्या बायकांची तक्रार वेगळी, मासेमारीवाल्यांची वेगळी. फळ्या घेऊन लाटांवर खेळणारी तरणी पोरं तर थेट ऑफिसात फोन करत. "मॅडम, उत्तर किनाऱ्याला फक्त चार फूट? थोड्या वाढवा ना." जणू लाटा तिच्या कपाटात होत्या आणि ती हात आखडून वाटत होती.

अंदाज मोठ्या बेटापासून सुरू व्हायचा आणि एकेक बेट घेत शेवटच्या बेटावर संपायचा. तिथवर येईपर्यंत निम्म्या लोकांनी रेडिओ बंद केलेला असे. शेवटच्या बेटावर माणसं ती कितीशी, आणि त्यांच्या लाटांशी इतरांना काय देणंघेणं? पण तिचा आवाज तिथे आला की आपोआप जरा सावकाश व्हायचा. तिथे तिचे आप्पा राहत होते.

आप्पा जन्मभर होडी चालवत आले. शेवटच्या बेटाला धक्का नाही. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे आणि मोठी बोट त्या कड्याच्या बाहेरच थांबते. कड्यात एक अरुंद वाट आहे. त्या वाटेतून होडी बाहेर काढायची, बोटीच्या अंगाला भिडवायची, आणि लाटेने होडी वर उचलली की त्याच वेळी बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा. जरा उशीर झाला की होडी खाली जाते आणि माणूस शिडीला लटकत राहतो. आप्पांनी नव्या नवऱ्या, आजारी म्हातारे, शेळ्या, शिलाई मशीन, सगळं त्या वाटेतून सुखरूप पार केलं होतं. लेकीला शिकायला पाठवलं तेही त्यांनीच, त्याच वाटेने. तिला उचलून शिडीवर ठेवलं आणि होडी वळवून निघून गेले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. त्याचा राग तिच्या मनात बरीच वर्षं होता. पुढे शहाणपण आलं तेव्हा तिला कळलं, की त्या वाटेत होडीवाल्याला मागे बघून चालत नाही.

नोकरी लागल्यावर सुरुवातीच्या दिवसांत एकदा तिने शेवटच्या बेटासाठी तीन फूट वाचलं आणि लाट आली चार फुटांची. आप्पा नेमके वाटेच्या तोंडाशी गळ टाकून उभे होते. लाटेने त्यांना खडकावर आपटलं आणि गुडघा कायमचा कामातून गेला. "लाटेने रेडिओ ऐकला नसणार," असं म्हणून ते हसले होते. तिला हसू आलं नाही. तेव्हापासून शेवटच्या बेटाचा आकडा काढला की ती त्यात गुपचूप एक फूट घालायची. दोन आले तर तीन, चार आले तर पाच. बाकी कुठल्या बेटाला नाही, फक्त त्या एका बेटाला. एवढंसं कुणाच्या लक्षात येणार, अशी तिची समजूत होती.

आई गेल्यावर ती आप्पांना म्हणाली होती, चला माझ्याकडे. आप्पा म्हणाले, बघू. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, पुन्हा बघू.  तिला आप्पा हवे होते, इतकी साधी गोष्ट होती. सकाळी ओट्याशी उभं असताना मागे खुर्ची सरकवल्याचा आवाज यावा, चहा फिका झाला म्हणून कुणीतरी कुरकुर करावी, एवढंच. नवरा चांगला होता, पण त्याला चहा कसाही चालायचा.

आणि या वर्षी एका संध्याकाळी फोनवर आप्पाच आपण होऊन म्हणाले, "येतो म्हणतो आता. गुडघा फार त्रास देतो. एकटं नाही जमत."

ती नळ सोडून तशीच उभी राहिली. बादली भरून वाहायला लागली तेव्हा नवऱ्याने येऊन नळ बंद केला. नळदुरुस्ती हाच त्याचा धंदा, पाणी वाया गेलेलं त्याला बघवत नसे. कारण कळल्यावर मात्र त्याने भिजलेली फरशी स्वतःच पुसली. दुसऱ्या दिवशी त्याने मागच्या खोलीतली अडगळ काढली, भिंतींना रंग दिला आणि न्हाणीघरात सासऱ्यांना धरून उठता यावं म्हणून जाड लोखंडी दांडा बसवला. स्वतः त्याला लोंबकळून बघितलं. "मला पेललं, म्हणजे आप्पांना पेलणारच," म्हणाला. तो तब्येतीने सासऱ्यांच्या दुप्पट होता.

आता गोष्ट अडली होती ती बुधवारच्या बोटीवर. शेवटच्या बेटाला बोट फक्त बुधवारी जायची, आणि हा बुधवार हंगामातला शेवटचा. त्यानंतर मोठ्या लाटांचे महिने सुरू होणार, बोट बंद होणार, ती थेट पुढच्या वर्षी समुद्र शांत झाल्यावर. बंदराचा नियम सरळ होता. अंदाजात पाच फुटांपर्यंत लाटा असतील तर बोट जाणार, पाचाच्या वर गेल्या तर रद्द.

रविवारी सकाळी ती ऑफिसात आली तेव्हा खिडकीबाहेर आभाळ निळंशार होतं. पण लाटांचं तसं नसतं. कुठेतरी हजारो मैलांवर एक वादळ होऊन गेलेलं असतं आणि त्याच्या लाटा कुणाला काही न विचारता प्रवासाला निघालेल्या असतात. तिने समुद्रातल्या यंत्रांची मापं लावली, नकाशे एकावर एक ठेवले, आकडे काढले. मंगळवारपर्यंत तीन. गुरुवारपासून आठ, पुढे त्याहून जास्त. आणि बुधवारी पाच.

पाच आणि तिचा एक, सहा. म्हणजे बोट रद्द.

तिने पुन्हा हिशेब केला, पुन्हा पाचच आले. चार आले असते तर प्रश्नच नव्हता. सहा आले असते तरी नव्हता, देवाची मर्जी म्हणून गप्प बसली असती. पण पाच खरे होते, त्यात खोटं काहीच नव्हतं. खोटा होता तो तिचा फूट. मग एकदाच खरं बोललं तर बिघडलं कुठे? नियम पाच म्हणतो, यंत्र पाच म्हणतं. पाच फुटांना ती वाट कशी खवळते हे होडीवाल्याच्या लेकीला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या सकाळी तिला ते आठवायचंच नव्हतं. तिने कागदावर पाच लिहिलं.

तिचे वरिष्ठ म्हणजे ढगोबा साहेब. हे नाव ऑफिसने ठेवलेलं. आभाळात ढगाचा ठिपकाही नसला तरी ते अंदाजात 'अंशतः ढगाळ' घालायचे, म्हणजे कुठूनही अंगाशी येऊ नये. सही करताना त्यांचं पेन शेवटच्या ओळीवर थबकलं.

"पाच?"

"पाचच येतात, साहेब. तुम्ही तपासून बघा."

"मी कुठे काय म्हटलं?" त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि सही केली.

ती स्टुडिओत गेली आणि वाचायला लागली. येत्या आठवड्यात आभाळ अंशतः ढगाळ राहील. वाऱ्याच्या बाजूच्या डोंगरउतारांवर सकाळी तुरळक सरी पडतील. उत्तर किनाऱ्यांवर गुरुवारपासून लाटा झपाट्याने वाढतील, पोहणाऱ्यांनी पाण्यात उतरू नये. दक्षिण किनाऱ्यांवर लाटा लहानच राहतील. एकेक बेट मागे पडत गेलं. "शेवटचं बेट. बुधवारी लाटांची उंची पाच फूट." तिचा आवाज जराही हलला नाही. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

ती टेबलाशी येऊन बसते न बसते तोच फोन वाजला. आप्पाच होते, आणि इतके खुशीत तिने त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"ऐकलं गं पोरी! बोट येणार. बॅग भरून ठेवलीये. शेजारच्या मास्तरणीला पण म्हटलं, चल, तीही येतेय तान्ह्या बाळाला घेऊन. तिच्या आईला दाखवायचंय बाळ."

"पण आप्पा, जपून हं. पाच फूट आहेत."

"अगं, पाच म्हणजे चारच की. चार फुटांना मी या गुडघ्यानेसुद्धा चढेन. मास्तरणीचं बाळ मी धरीन एका हातात."

तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी गफलत झाली. "पाच म्हणजे चार कसे?"

आप्पा मनापासून हसले. "आता माझ्यापासून काय लपवतेस? तू आमच्या बेटाला एक फूट वाढवून सांगतेस ते काय आम्हाला कळत नाही? गुडघा गेला तेव्हापासून वाढवतेस. अख्खं बेट एक वजा करतं. इथे सगळे त्याला लेकीचा फूट म्हणतात. तू पाच म्हटलंस की दुकानवाला ओरडतो, चार बरं का, लेकीचा फूट काढा! तांडेलही तसंच धरतो. तोच तर मला म्हणाला, तुमच्या लेकीच्या पाच फुटांना मी गाठोड्यालासुद्धा चढवीन."

तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य. तो एके काळी आप्पांच्या हाताखाली होडी शिकला होता.

फोन कानाला लावून तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. म्हणजे तिने पाच वाचले, आणि तिकडे सगळ्यांनी चार ऐकले. बुधवारी होडीत एक लंगडा म्हातारा बसणार, त्याच्या हातात दुसरीचं तान्हं बाळ असणार, आणि वाटेत समोर येणार खरे पाच फूट. तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बेटाला खरा आकडा सांगितला होता आणि तोच सगळ्यांना बुडवायला निघाला होता.

"काय गं? गप्प का झालीस?"

एक मन म्हणत होतं, गप्प राहा. आकडे काय, थोडे इकडे तिकडे होतातच. साडेचारसुद्धा येतील. तांडेल कसलेला आहे, बाळ दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगता येईल. बुधवारी संध्याकाळी आप्पा मागच्या खोलीत असतील. बोलली तर पुढच्या वर्षापर्यंत नाहीत, आणि पुढचं वर्ष कुणी पाहिलंय? तिला ते इतके हवे होते, की हा विचार मनात आल्याची लाजसुद्धा तिला लगेच वाटली नाही.

"आप्पा," ती शेवटी म्हणाली, "या वेळी फूट नाही घातला मी."

पलीकडे रेडिओ बंद केल्याचा खटका ऐकू आला. मागे कुणाची तरी कोंबडी ओरडत होती, तेवढंच.

"म्हणजे पाच ते खरे पाच?"

"खरे पाच."

"का नाही घातलास?"

"घातला असता तर सहा झाले असते, आणि बोट रद्द झाली असती." तिचा आवाज फुटला. "तुम्ही यावं म्हणून नाही घातला. मला तुम्ही इथे हवे आहात, आप्पा. खोली रंगवून ठेवलीये. दांडा बसवलाय न्हाणीघरात."

 आप्पांचा आवाज होडीवर असायचा तसा झाला. "हे बघ, रडू नको. आधी रेडिओवर सांग. मी इथे सांगतोच, पण मधल्या बेटांवरूनही माणसं इकडे यायचीयत. तांडेलला कळायला हवं. ऊठ आधी."

ती उठली. ढगोबा साहेबांच्या खोलीत जाऊन तिने सगळं सांगितलं, दांड्यासकट. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"मला ठाऊक होतं तुमचं," ते म्हणाले. "तुमच्या कागदावर सही करून मी शेवटच्या बेटातून मनातल्या मनात एक वजा करतो. आज मला वाटलं, चार निघाले असतील."

"मग आधी कधी बोलला का नाहीत?"

"मी ढग नसताना ढग घालतो, ते तुम्ही कधी बोललात?"

दुपारच्या बातम्यांआधी तिला मिनिटभराची जागा मिळाली. खुलासा कसा लिहायचा यावर साहेबांनी आणखी घोळ घातला. 'पूर्ण पाच' असा शब्द खात्याच्या भाषेत नाही, म्हणाले. ती त्यांच्यासमोरून कागद ओढून घेऊन स्टुडिओत गेली.

"शेवटच्या बेटासाठी खुलासा. बुधवारी लाटांची उंची पाच फूट. हे पाच पूर्ण पाच आहेत. यात नेहमीचा एक फूट धरलेला नाही. कृपया वजा करू नये."

ती बाहेर येईपर्यंत फोन वाजायला लागले होते. बंदरवाल्यांचा पहिला. "बाई, हे असं ऐनवेळी नका ना करू. बोट आम्ही रेडिओच्या आकड्यावरच सोडतो, पण उतारूंसाठी भिंतीवर बोर्ड लावलाय, शेवटचं बेट एक कमी धरावे." मग कुणा पोहणाऱ्या पोराचा, उत्तर किनाऱ्यालाही काही धरलेलं असतं का म्हणून. आणि मग तांडेलचा.

"बरं केलंत सांगितलंत," तो म्हणाला. "खऱ्या पाचाला मी त्या वाटेत माणूस घेत नाही. नियम पाच म्हणतो, पण नियम टेबलाशी बसून केलेला. तुमच्या फुटामुळे तो इतके दिवस नीट चालत होता. बुधवारी जाईन, पण फक्त पोती, औषधं, टपाल. दोरीने देईन, दोरीने घेईन."

"आणि आप्पा?" तिने विचारलंच. विचारू नये हे कळत होतं, तरी विचारलं.

"बाई, मी त्यांच्याकडे शिकलो. त्यांना शिडीला लटकताना बघायला मी जायचं का?"

बुधवारी संध्याकाळी ती आणि नवरा धक्क्यावर उभे होते. आप्पा नाहीत हे माहीत असूनही ती आली होती. बोट लागली, शिडी पडली, आणि तिची नजर उतरणाऱ्या एकेका डोक्यावरून फिरत राहिली. उतरले ते सगळे मधल्या बेटांवरचे. शेवटी तांडेल उतरला. त्याच्या खांद्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोरीने करकचून बांधलेली एक बॅग होती.

"पाच होत्या," तो म्हणाला. "बरोब्बर पाच. होडी दोनदा आडवी झाली. मास्तरीण काठावरून बघत होती, तिने तिथूनच हात जोडले." त्याने बॅग खाली ठेवली. "आप्पांनी दिलीये. म्हणाले, सामान पुढे जाऊ दे, मी मागून येतो."

नवऱ्याने बॅग उचलली. तांडेल निघाला आणि काहीतरी आठवून परत आला.

"आणखी एक निरोप आहे. म्हणाले, तिला सांग, पुढच्या रविवारपासून फूट परत घाल. इथे सगळ्यांना वजा करायची सवय झालीये, उगीच गोंधळ नको."

"एवढंच म्हणाले?"

तांडेलने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "म्हणाले, त्याशिवाय मला तो आकडा माझ्या बेटाचा वाटत नाही."

घरी येऊन तिने मागच्या खोलीत पलंगावर बॅग उघडली. वरचं प्लास्टिक ओलं होतं, आतलं सगळं कोरडं. धुवून घडी केलेले सदरे. दाढीचं सामान. जास्तीचा चष्मा. आईचा फोटो, सदऱ्यात गुंडाळलेला. गुडघ्याला बांधायचा पट्टा, जुना झालेला. टॉवेल. कायमचं राहायला येणारा माणूस जे जे आणेल ते सगळं होतं. तिने तळापर्यंत हात घालून पाहिलं. रेडिओ तेवढा नव्हता.

टॉवेल घेऊन ती न्हाणीघरात गेली आणि त्या लोखंडी दांड्यावर नीट पसरून ठेवला. मग तिथेच दांड्याला धरून रडून घेतलं. नवऱ्याने बाहेरून दार वाजवलं नाही.

रविवारी ऑफिसात नकाशे तिच्यासमोर होते. उत्तरेच्या लाटा आता ठाण मांडून बसल्या होत्या, फळीवाल्या पोरांचे आनंदाचे फोन येत होते. शेवटच्या बेटासाठी हिशेब निघाला आठ. तिने नऊ लिहिलं. ढगोबा साहेबांनी कागद पाहिला, "अंशतः ढगाळ," असं स्वतःशीच पुटपुटले आणि सही केली.

स्टुडिओत जाऊन तिने मोठ्या बेटापासून सुरुवात केली आणि एकेक बेट घेत पुढे गेली. शेवटी नेहमीसारखा तिचा आवाज सावकाश झाला.

"शेवटचं बेट. लाटांची उंची नऊ फूट. पाण्याजवळ जाऊ नये."

तिकडे दुकानवाला ओरडला असेल, आठ बरं का. मास्तरणीने, तांडेलने, बंदरवाल्यांनी, सगळ्यांनी एक वजा केला असेल. आप्पांनी केला नसेल. लेकीचा फूट त्यांनी ठेवून घेतला असेल.